लॅमिनेशन केलेला दाखला

आमच्या शाळेचा दहावीचा निकाल ओळीनं सहा वर्षं शंभर टक्के लागला, आणि त्यात माझा हात आहे. हे मिरवायला सांगत नाही, कबूल करायला सांगते आहे. मी गणित शिकवते. शंभर टक्के कसे होतात हे गणिताच्या बाईनं सांगायचं नाही तर कुणी सांगायचं?

रीत सोपी आहे. नापास होणारी पोरं परीक्षेला बसवायचीच नाहीत. मे महिन्यात नववीचे मार्क भरून झाले की हेडसरांच्या टेबलावर एक यादी तयार होते. चार-पाच नावं असतात. मग त्या पोरांच्या आईबापांना एकेक करून शाळेत बोलवायचं, पंख्याखाली बसवायचं, आधी पाणी द्यायचं आणि मऊ आवाजात सांगायचं, "तुमचं लेकरू नववीत नापास होतंय बघा. पण आम्ही त्याचं वर्ष वाया घालवत नाही. पास करतो. तुम्ही एवढंच करा, दाखला घेऊन जावा आणि सतरा नंबरचा फॉर्म भरा. दहावीला बाहेरून बसता येतंय." सतरा नंबर म्हणजे शाळेत येऊ न शकणाऱ्यांसाठी बोर्डानं ठेवलेली सोय. कामावर जाणारी माणसं, शिक्षण अर्धवट राहिलेल्या बायका, त्यांच्यासाठी चांगलीच आहे ती. आमच्यासाठी त्याहून चांगली. लेकरू आमच्या पटावर नाही, म्हणजे ते नापास झालं तरी आमच्या नावावर नाही. स्टाफरूममध्ये ह्या कामाला आम्ही 'समजावणी' म्हणायचो, आणि समजावणीत माझा हात धरणारं कुणी नव्हतं. हेडसर म्हणायचे, "मॅडम, तुमच्या जिभेवर साखर आहे." मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, खरंच बरं वाटायचं.

शाळा आमची हद्दवाढीत. सोलापूरची हद्द वाढवली तेव्हा कडेची वस्ती शहरात आली, शहर मात्र अजून वाटेतच आहे, असं आमच्याकडं चेष्टेनं म्हणतात. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, निम्मा रस्ता डांबरी, निम्मा पुढच्या निवडणुकीत. पण एका गल्लीत चार भाषा ऐकून घ्या. टॉवेल-चादरीच्या कारखान्यात जाणारी तेलुगू घरं, अक्कलकोटकडची कानडी बोलणारी, दखनी बोलणारी, आणि माझ्यासारखी सांगोल्याकडून मेंढरं मागं सोडून आलेली. शाळा सरकारी, फळा मराठी. चौकात दोन इंग्लिश मीडियम उभ्या राहिल्यापासून हेडसरांना झोप नव्हती. पट घसरला की तुकडी तुटते, तुकडी तुटली की शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि त्याला कुठंही फेकतात. म्हणून जूनमध्ये चौकात फ्लेक्स लागायचा, हेडसरांचा कोट घातलेला फोटो, आणि त्याच्या शेजारी शंभर टक्के. पोरं तो फ्लेक्स बघून यायची हेही खरं. हेडसर वाईट माणूस नव्हते. घाबरलेले होते, आणि आम्हीही.

त्या वर्षीच्या यादीत एका मुलीचं नाव होतं. वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर, आई घरी बिड्या वळायची. ही पोरगी शाळेतून गेली की आईच्या शेजारी बसून पानं कापायची. बिड्यांचे हजार मोजणाऱ्या पोरीला गणित आपोआप येत असणार, असं बाहेरच्या लोकांना वाटतं. नाही येत. वजाबाकीच्या खुणेपाशी आली की तिचा हात थांबायचा आणि ती माझ्याकडं बघून हसायची. मला राग यायचा त्या हसण्याचा. पण भाषा! घरात तेलुगू, शेजारी कानडी, मैत्रिणी दखनी बोलणाऱ्या, शाळेत मराठी. पालकसभेला आमचं तिच्यावाचून अडायचं. मी मराठीत बोलायचे आणि ती उभी राहून दोन-तीन भाषांत सांगायची, आणि वर स्वतःची पदरची भर घालायची. एकदा मी एका आईला म्हटलं, "मुलगा घरी अभ्यास करत नाही." हिनं कानडीत जे काही सांगितलं त्यावर ती बाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. "काय सांगितलंस गं?" "तेच की मॅडम. फक्त जरा नीट सांगितलं." ह्याला कुठल्या पेपरात मार्क आहेत? कुठल्याच नाही.

समजावणीलाही आम्ही तिलाच बसवत होतो. दुसऱ्यांची पोरं बाहेर काढताना मधे बोलणारी तीच. पण तिच्या स्वतःच्या वडलांना बोलावलं त्या दिवशी तिला कसं बसवणार? मी तिला रिकाम्या वर्गात पाठवलं आणि त्या माणसाशी मराठीत बोलले. त्यांना मराठी कामापुरतं यायचं. भाजी घेण्यापुरतं, मुकादमाशी बोलण्यापुरतं. कारखान्यातून थेट आले होते, केसांत सुताची पांढरी लव. मी बोलत होते आणि ते मान हलवत होते, "व्हय मॅडम, व्हय मॅडम." ती मान समजल्याची नव्हती, मास्तरणीपुढं कशी हलवायची तशी हलवलेली होती. मला ते कळत होतं. तरी मी कागद पुढं सरकवला आणि त्यांनी तेलुगूत सही केली. मी दाखला त्यांच्या हातात ठेवला, दहा मिनिटांत काम आटोपलं आणि मी वर जाऊन डबा खाल्ला.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पहिल्याच दिवशी दहावीच्या वर्गात शिरले तर ही पोरगी दुसऱ्या बाकावर. गणवेश इस्त्रीचा, वहीला नवा कागद. मी काही बोलायच्या आत शिपाई आला, खाली तुम्हाला कुणी भेटायला आलंय म्हणाला.

खाली तिचे वडील उभे. हातात पेढ्यांचा पुडा. त्या दिवशी अंगात धुतलेला शर्ट होता. त्यांनी पुडा सोडून माझ्यापुढं धरला आणि जेवढं मराठी येत होतं तेवढं सगळं वापरून मला सांगितलं की पोरगी पास झाली, घराण्यात नववी पास झालेली पहिली पोरगी. मी दिलेला पासाचा कागद त्यांनी कारखान्याशेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेशन करून आणला आणि देवाच्या फोटोशेजारी लावला. "प्लास्टिक केलंय मॅडम. आता पाणी लागू दे, काय लागू दे. कायमचं झालं."

शाळा सोडल्याचा दाखला. त्यांना तो पास झाल्याचं प्रमाणपत्र वाटला होता. आणि खोटं काय होतं त्यात? कागदावर 'इयत्ता नववी उत्तीर्ण' असं लिहिलेलं होतंच. शेजारच्या कुणी पोरानं तेवढंच वाचून दाखवलं असणार. तो माणूस माझ्यासमोर उभा होता, डोळ्यांत पाणी होतं, आणि मी पेढा उचलून तोंडात टाकला. आयुष्यात मला माझी एवढी लाज कधी वाटली नव्हती. पेढा गिळायला मला किती वेळ लागला हे मलाच माहीत.

मधल्या सुट्टीत मी पोरीला जिन्याखाली घेतलं. कसं सांगावं ते जुळवत होते, तर तीच म्हणाली, "मला म्हायत्ये मॅडम. मी वाचलं की. वरच लिवलंय, शाळा सोडल्याचा दाखला."

"मग वडलांना सांगितलं नाहीस?"

"नायनाला? नायना गल्लीभर पेढे वाटत होता. कसं सांगू?" नायना म्हणजे वडील. बोलताना तिचा आवाज एकदाच हलला, मग लगेच सरळ झाला.

"अगं मग शाळेत कशी आलीस तू? तुझं नाव कमी झालंय."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की जणू मी वर्गातली ढ पोरगी आणि ती बाई. "दाखल्यावर पास लिवलंय की मॅडम. सही-शिक्का हाय. पास झालेली पोरं दहावीतच बसतात. दुसरीकडं कुटं बसतात?"

वीस वर्षं शिकवत होते, आणि एवढं सरळ उत्तर मला एकाही पेपरात मिळालं नव्हतं. तिथल्या तिथं जिन्याखाली माझी तळपायाची आग मस्तकात गेली, पण कुणावर गेली ते सांगू? माझ्यावरच. ह्या पोरीला दहावीला आमच्याच शाळेतून बसवायचं, आमच्या पटावर, आमच्या नावावर, मग काय व्हायचं ते होवो, असं मी त्या क्षणी ठरवलं. वर जाऊन हजेरी काढली आणि सगळ्यात शेवटी, बेचाळीसच्या खाली, त्रेचाळीस नंबरला तिचं नाव माझ्या हातानं लिहिलं. पुढं 'ह' लिहिला. हजर.

दुसऱ्या दिवशी हजेरी उघडली तर त्या नावावरून लाल रेघ. लाल पेन शाळेत फक्त हेडसर वापरतात. मी त्या रेघेखाली पुन्हा नाव लिहिलं आणि हजर लावली. तिसऱ्या दिवशी पुन्हा रेघ. मी पुन्हा नाव. चौथ्या दिवशी पान खराब झालं म्हणून मी नवीन पान घेतलं आणि जरा मोठ्या अक्षरात लिहिलं. बेचाळीस पोरं टाचा वर करून बघत होती हजेरीत काय चाललंय ते. एवढ्या मन लावून त्यांनी माझा एकही तास ऐकला नव्हता.

पाचव्या दिवशी हेडसरांनी बोलावलं.

"मॅडम, हे काय लावलंय?"

"हजेरी लावते सर. वर्गात बसलेल्या मुलीची."

"ती आपली मुलगी नाही."

"मग कुणाची सर? दुसऱ्या कुठल्या शाळेत नाव घातलंय तिचं? ऑनलाइनला बघा, अजून आपल्याचकडं दिसतंय. दाखल्यावर कमी, संगणकावर हजर. आता त्या पोरीनं बसायचं कुठं, दारात?"

हेडसरांनी चष्मा काढला. तो काढला की त्यांना समजावणी करायची असते. मला तुकडीचं सांगितलं, अतिरिक्त ठरण्याचं सांगितलं, माझं माहेर सांगोल्याकडचं, बदली पार दुसऱ्या टोकाला झाली तर म्हाताऱ्या आईला कोण बघणार तेही सांगितलं. मऊ आवाज, आधी पाणी. माझीच सगळी वाक्यं! "आणि ती नापास होणार हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे," असं ते शेवटी म्हणाले.

"माहीत आहे की सर. होऊ दे. पण बसू दे."

स्टाफरूममध्ये माझ्याशी बोलणं बंद झालं. नाही म्हणायला विज्ञानाचे सर कडक भाकरीचा तुकडा आणि शेंगाचटणी माझ्याकडं सरकवून हळूच म्हणाले, "कशाला मॅडम वाकड्यात शिरताय? वर्षभराचा प्रश्न आहे." मी म्हटलं, "माझा आहे का तिचा?" ते भाकरी चावत बसले. बाकीच्यांना वाटत होतं की बाईला म्हातारपणी पुढारीपणाची हौस आलीय. वाटू दे, मी त्यांच्या वाटण्यावर पगार घेत नव्हते.

शेवटी हेडसरांनी तिच्या वडलांनाच बोलावणं धाडलं. मूळ दाखला घेऊन या. मला कळलं तशी मी वर्ग सोडून ऑफिसात गेले आणि पोरीलाही बरोबर नेलं. हेडसर म्हणाले, "ती कशाला?" मी म्हटलं, "मागच्या वेळी ती नव्हती म्हणून हे सगळं झालं. आज तीच सांगेल. मराठीतलं तेलुगूत, तेलुगूतलं मराठीत. आणि ए, पदरचं काही घालायचं नाही."

वडील आले. दाखला जुन्या टॉवेलात गुंडाळून आणला होता. टेबलावर ठेवला तेव्हा प्लास्टिकवर खिडकीचा उजेड पडला आणि हेडसरांना तो हातात घेऊन तिरका करावा लागला. मग ते बोलायला लागले. हा पासाचा कागद नाही, शाळा सोडल्याचा दाखला आहे. मुलीचं नाव शाळेतून कमी झालं आहे. तुम्हीच सही केली आहे. आता सतरा नंबर भरा.

पोरीनं प्रत्येक वाक्य सांगितलं. जशाच्या तसं. स्वतःच्या बापाला, उभं राहून, हात मागं बांधून. एकदासुद्धा अडखळली नाही. तिच्या वडलांचा चेहरा मी बघू शकत नव्हते, म्हणून टेबलावरच्या पेपरवेटकडं बघत होते. क्लार्क भाऊसाहेब उगाच कपाट उघडून बसले. मग वडलांनी बोट पुढं केलं, प्लास्टिकवरून एका शब्दाखाली ठेवलं आणि पोरीला काहीतरी विचारलं.

"नायना विचारतात," ती म्हणाली, "हितं पास लिवलंय ते खोटं हाय का?"

हेडसर म्हणाले, "खोटं कसं असेल? माझी सही आहे."

तिनं सांगितलं. वडलांनी मान हलवली. ह्या वेळची मान समजल्याची होती. दुसरा प्रश्न त्यांनी तिला विचारलाच नाही, सरळ हेडसरांना मराठीत विचारला. "मग पोरगी बाहेर का?"

मी दाखला माझ्याकडं ओढला. त्यावर शाळा सोडण्याचं कारण लिहायला एक रकाना असतो. त्यात भाऊसाहेबांच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'पालकांच्या विनंतीवरून.' मी ते मोठ्यानं वाचलं. "विचार गं त्यांना, मुलीला शाळेतून काढा अशी विनंती त्यांनी कधी केली होती?" तिनं विचारलं. त्या माणसानं आधी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि दोन्ही हात जोडले. म्हणजे आता विनंती करायची आहे का, असं त्यांना वाटलं. मला ते हात बघवेनात.

"ही विनंती मी केली होती," मी म्हटलं. "ह्यांच्या वतीनं मीच. गेली सहा वर्षं मी करते आहे. आणि आता सगळ्यांसमोर सांगते सर, मी स्वतः दहावीला इंग्रजीत नापास झालेली आहे. आमच्या गावाकडच्या शाळेतून. सगळ्या गावाला कळलं, घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नाही. पण तिसऱ्या दिवशी आमचे सर घरी आले आणि म्हणाले, ऑक्टोबरला बस. मी त्यांची विद्यार्थीच होते, म्हणून आले. मला त्यांनी मे महिन्यात दाखला देऊन काढलं असतं तर कोण येणार होतं? आज मी मेंढरांच्या मागं असते, तुमच्यासमोर बसले नसते. दाखला खरा असेल तर ही दहावीत बसेल. खोटा असेल तर तसं लिहून द्या, मी ते घेऊन वर शिक्षणाधिकाऱ्यांकडं जाते."

हे माझं गुपित होतं. नवऱ्याला माहीत होतं, स्टाफला नव्हतं. तोंडातून निघून गेलं आणि मला हलकं वाटलं.

हेडसरांनी चष्मा पुन्हा घातला. थोड्या वेळानं भाऊसाहेबांना म्हणाले, "दाखला रद्द करा. पुन्हा प्रवेश द्या." रद्द करायचा तर दाखल्यावर शिक्का मारून तसं लिहावं लागतं. भाऊसाहेबांनी शिक्का मारला, तो प्लास्टिकवरून पुसला गेला. पेन चालेना. कात्रीनं कड कापून प्लास्टिक सोलायला गेले तर अर्धा कागद प्लास्टिकबरोबर निघाला, हेडसरांची सही एकीकडं आणि 'उत्तीर्ण' दुसरीकडं. भाऊसाहेब हात वर करून म्हणाले, "साहेब, नोकरीत असला दाखला बघितला नाही." शेवटी दोन्ही तुकडे पाकिटात घालून वर 'रद्द' लिहिलं. आणि माझ्याकडून हेडसरांनी एका कोऱ्या कागदावर लिहून घेतलं, सदर विद्यार्थिनीच्या निकालाची जबाबदारी माझी राहील. मी लिहिलं, सही केली, तारीख घातली. त्रेचाळीस नंबरच्या नावावर त्यानंतर लाल रेघ आली नाही.

वर्षभर ती रोज तासभर आधी यायची. मी शिकवायचे, ओरडायचे, खडू फेकायचे. समीकरणं तिला कळली नाहीत असं नाही, उशिरा कळली. भूमिती आवडायला लागली, आकृत्या सुंदर काढायची, सिद्धता लिहायची पाळी आली की तेच हसू. मराठीत मात्र तिनं निबंध असा लिहिला की मराठीच्या मॅडमनी स्टाफरूममध्ये वाचून दाखवला. माझ्याशी बोलणं बंद होतं त्यांचं, तरी माझ्याकडं बघत वाचला.

लोकांना असल्या हकिकतीच्या शेवटी पोरगी कलेक्टर झालेली लागते. माझ्याकडं तसलं काही नाही. निकाल दुपारी मोबाइलवर लागला. एक सोडून सगळी पास. ती सगळ्या विषयांत निघाली आणि गणितात गेली. थोडक्यात गेली, एक-दोन मार्कांनी गेली, असंही नाही. चांगलीच गेली. माझ्या विषयात, माझ्या सहीच्या कागदावर. हेडसरांनी मला काही सुनावलं नाही. माझा तो कागद फायलीतून काढून टेबलावर पेपरवेटखाली ठेवला, मी आत गेले की दिसेल असा. चौकात फ्लेक्स लागला नाही. स्टाफरूममध्ये कुणीतरी माझ्या कानावर पडेल असं म्हणालं, "एका पोरीपायी." मी डबा न उघडताच घरी गेले. उन्हात चालत गेले, रिक्षा केली नाही. रडले का? रडले. रागानं रडले. आणि वाटेत मला सहा वर्षांच्या याद्या आठवायला लागल्या. चार नावं, पाच नावं, पुन्हा चार. त्यांच्यापैकी कितींनी सतरा नंबर भरला, कुणी परीक्षेला बसलं, कुणी कारखान्यात गेलं, कुणाचं लग्न लावून दिलं, मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. माझ्या हजेरीत ती पोरं आधी होती आणि नंतर नव्हती. ती कधी नापाससुद्धा झाली नाहीत. आम्ही तेवढंही त्यांना होऊ दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी हेडसरांच्या टेबलावर नववीची नवी यादी होती, सहीच्या जागा कोऱ्या. मी ती दोन हातांनी उचलून त्यांच्याकडं परत सरकवली आणि म्हटलं, "सर, मला आता हे जमणार नाही. जिभेवरची साखर संपली." त्यांनी ती खणात ठेवली. पुन्हा बाहेर काढली की नाही, मी विचारायला गेले नाही, पण त्या वर्षी समजावणीला कुणाचे आईबाप आले नाहीत एवढं मी बघितलं.

आठवड्यानं मी ऑफिसात काही कामासाठी उभी होते. जुलैच्या फेरपरीक्षेचे फॉर्म भरायला सुरुवात झाली होती. खिडकीशी ती आली. मला वाटलं होतं ती महिनाभर तोंड दाखवणार नाही. मी कपाटाआड होते, तिला दिसत नव्हते. भाऊसाहेबांनी मान वर न करता विचारलं, "बाहेरची का?" फॉर्म भरायला आसपासची सतरा नंबरवालीही येतात, म्हणून ते सगळ्यांना हेच विचारतात.

"बाहेरची कशी?" ती म्हणाली. पूर्ण व्हरांड्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली. "मी ह्याच शाळेची नापास हाय. लिवा की."